जुनं ते सोनं : चेन्नईच्या गल्ल्यांतून सजतं घर

बदलीचा हुकूम हातात पडला की घरातली बाई पहिला विचार करते तो सामानाचा. काय न्यायचं, काय विकायचं, काय कुणाला देऊन टाकायचं? बँक, रेल्वे किंवा संगणकाच्या कंपनीतल्या नोकरीमुळे पुण्या-मुंबईहून, नागपूरहून चेन्नईला येणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे हा प्रश्न दरवर्षी उभा राहतो. ट्रक भरून सामान आणावं तर भाडं डोळे पांढरे करणारं. सगळं नवं घ्यावं तर हातात पैसे नसतात, कारण ते घराच्या डिपॉझिटमध्ये अडकलेले. चेन्नईत दहा महिन्यांच्या भाड्याइतकं डिपॉझिट मागण्याची जुनी रीत. २०१७ साली तमिळनाडूत भाडेकरूंसाठी नवा कायदा झाला. करारात वेगळं काही ठरलं नसेल तर तीन महिन्यांच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट घेऊ नये, असं त्यात म्हटलं आहे. तरीही घरमालकाशी बोलताना ही रक्कम आधी स्पष्ट करून घेतलेली बरी.

अशा वेळी हप्त्यावर भुशाच्या दाबीव फळ्यांचं चकचकीत फर्निचर घेण्याचा मोह होतो. थोडं थांबा. चेन्नई हे जुन्या, भरीव लाकडाचं शहर आहे. इथे हातमागाचं कापड मीटरवर मिळतं, सुबक चटया मिळतात आणि एकेका वस्तूसाठी एकेक गल्ली वाहिलेली आहे. चार रविवार आणि घरातल्यांचे चार हात एवढं भांडवल असेल, तर नव्या फर्निचरच्या निम्म्याहून कमी खर्चात घर नेटकं सजतं. फक्त या शहराची दोन गुपितं आधी समजून घ्यायला हवीत. एक इथल्या ऋतूचं आणि दुसरं इथल्या लाकडाचं.

दिवाळीला नव्हे, पोंगलला!

आपल्याकडे घराला रंग द्यायचा तो पावसाळा संपल्यावर, दसरा-दिवाळीच्या आधी. चेन्नईत हे गणित साफ उलटं होतं. इथला मोठा पाऊस जून-जुलैत नसतो. तो येतो ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, ईशान्येकडून. वर्षाच्या साधारण १४०० मिलिमीटर पावसापैकी निम्म्याहून जास्त याच तीन महिन्यांत कोसळतो. मराठी घरात दिवाळीच्या तोंडावर रंगाचे डबे उघडले जातात, तेव्हा चेन्नईच्या भिंतींना ओल आलेली असते. त्या ओलीवर दिलेला रंग सहा महिन्यांत पापुद्र्यासारखा सुटतो. लाकडावर केलेलं लाखेचं पॉलिश दमट हवेत पांढरट, धुरकट दिसू लागतं.

म्हणून चेन्नईकर घर रंगवतात ते पोंगलच्या आधी. जानेवारीच्या मध्यावर, आपल्या संक्रांतीच्या दिवशी पोंगल येतो. आदल्या दिवसाला इथेही भोगीच म्हणतात. आपल्याकडे भोगीला तिळाची भाकरी आणि मिसळीची भाजी, तर इथे भोगीला घरातलं जुनंपानं बाहेर काढायचं. पहाटे दारासमोर जुन्या चटया, केरसुण्या, मोडक्या वस्तू पेटवायच्या आणि नव्याचं स्वागत करायचं, अशी ही प्रथा.

खेड्यात जुनी चटई आणि गवत जळत होतं तोवर ठीक होतं. शहरात टायर, प्लास्टिक आणि रंगवलेलं लाकूड जळू लागलं तशी हवा बिघडली. २०१८ च्या भोगीच्या पहाटे तर धूर आणि धुकं यांनी चेन्नई विमानतळ झाकोळून गेला आणि विमानं दुसरीकडे वळवावी लागली. आता महापालिका लोकांना आवाहन करते की जुन्या वस्तू जाळू नका, सफाई कर्मचाऱ्यांकडे द्या.

चेन्नईत नव्यानं आलेल्या कुटुंबासाठी भोगीच्या आधीचे दोन आठवडे म्हणजे पर्वणीच. लोक माळे रिकामे करतात, कपाटं बदलतात. आजोबांची हात असलेली खुर्ची, सागवानी टीपॉय, पितळी कड्यांची ट्रंक भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढते. भंगाराच्या दुकानाला इथे ‘कायलान कडै’ म्हणतात. कायलपट्टिनम या बंदराच्या गावातल्या व्यापाऱ्यांवरून हे नाव पडलं असं सांगतात. आपल्या भागातला कायलान कडै हेरून ठेवा. इमारतीच्या वॉचमनलाही सांगून ठेवा. बदली होऊन जाणाऱ्या कुटुंबांची खबर त्याला सगळ्यांच्या आधी लागते.

बाजारात बोलायचं कसं याची काळजी नको. दुकानदार वयानं मोठा असेल तर ‘अण्णा’ आणि बाई असेल तर ‘अक्का’. हे दोन्ही शब्द आपण माहेराहूनच घेऊन आलेलो असतो. ‘एव्वळव?’ म्हणजे ‘केवढ्याला?’ एवढं आलं की घासाघीस बोटांवर होते.

गल्लीगल्लीचा गुण वेगळा

एके काळी जुन्या वस्तूंसाठी चेन्नईकरांचं ठरलेलं ठिकाण होतं ते सेंट्रल स्टेशनशेजारचं मूर मार्केट. १९०० साली उघडलेल्या या लाल विटांच्या बाजारात पुस्तकं, तबकड्या, घड्याळं, फर्निचर, पाळीव पक्षी असं सगळं मिळे. ३० मे १९८५ ला ते आगीत भस्मसात झालं. त्या जागेवर आज लोकल गाड्यांचं स्टेशन उभं आहे. मूर मार्केट गेलं, पण आसपासच्या गल्ल्यांनी आपापला धंदा सोडलेला नाही.

मेट्रोनं हायकोर्ट स्टेशनला उतरा. समोर जॉर्ज टाऊन, म्हणजे चेन्नईची मंडई, भुलेश्वर आणि क्रॉफर्ड मार्केट सगळं एकत्र. गोडाउन स्ट्रीट कापडाच्या घाऊक व्यापाऱ्यांची. अँडरसन स्ट्रीट कागदाची. तिथला जाड, रंगीत हातकागद दिव्याच्या शेडला आणि खणांच्या अस्तराला उत्तम. देवराज मुदली स्ट्रीटमध्ये काच आणि आरसे कापून मिळतात. जुन्या खिडकीच्या चौकटीत आरसा बसवायचा असेल तर माप घेऊन इथेच यावं. सेंबुडोस स्ट्रीट हार्डवेअरची. बिजागऱ्या, कड्या, स्क्रू तिथे वजनावर मिळतात. काशी चेट्टी स्ट्रीटमध्ये फॅन्सी वस्तू. बीच स्टेशनजवळचा बर्मा बाजार १९६९ साली ब्रह्मदेशातून परतलेल्या तमिळ कुटुंबांसाठी वसवला गेला.

सेंट्रल स्टेशनच्या बाजूनं उत्तरेकडे जाणारा वॉल टॅक्स रोड लाकडाच्या वखारींसाठी ओळखला जातो. त्याच्या नावाची कथा गमतीची आहे. अठराव्या शतकात इंग्रजांनी वस्तीभोवती तट बांधला आणि खर्च वसूल करण्यासाठी रहिवाशांवर कर बसवायचं ठरवलं. कर काही वसूल झाला नाही. तटही बहुतेक पडला. रस्त्याचं नाव मात्र टिकलं.

या गल्ल्यांत जायचं ते सकाळी, दुकानं उघडताच. दुपारी ऊन आणि हातगाड्या दोन्ही असह्य होतात. बरीच घाऊक दुकानं रविवारी बंद असतात, म्हणून शनिवार गाठावा. सोबत मोजपट्टी, खोलीची मापं लिहिलेला कागद आणि पाण्याची बाटली हवी. मापाशिवाय घेतलेली स्वस्त वस्तू शेवटी महागच पडते.

पुराच्या पाण्यानं घेतलेली परीक्षा

आता दुसरं गुपित, लाकडाचं. मद्रास आणि रंगून यांच्यातला समुद्रमार्ग गजबजलेला होता, त्या काळात ब्रह्मदेशचं सागवान या किनाऱ्यावर भरपूर उतरलं. मैलापूर, जॉर्ज टाऊन, ट्रिप्लिकेनच्या जुन्या घरांचे खांब, दारं, झोपाळे त्या सागाचे. अशी घरं पाडून तिथे इमारती उभ्या राहतात, तेव्हा ती दारं आणि तुळया जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांकडे येतात. साठ-सत्तर वर्षं वाळलेलं हे लाकूड आता वाकत नाही, फुगत नाही.

भरीव लाकूड आणि दाबीव भुशाची फळी यांतला फरक चेन्नईनं २०१५ च्या डिसेंबरमध्ये डोळ्यांनी पाहिला. १ आणि २ डिसेंबरला अड्यार नदीचं पाणी कोट्टूरपुरम, सैदापेट, मुडिचूर अशा वस्त्यांत शिरलं. पाणी ओसरल्यावर रस्त्यांच्या कडेला गाद्या आणि फर्निचरचे ढीग लागले. भुशाच्या फळ्या पाण्यात राहिल्या की बिस्किटासारख्या फुगतात आणि विस्कटतात. त्यांना दुरुस्ती नाही. भरीव सागाची खाट मात्र धुऊन, सावलीत सावकाश वाळवून, पुन्हा पॉलिश केली की वापरात येते. २०२३ च्या डिसेंबरात मिचाँग वादळाच्या वेळीही वेळाचेरी, पळ्ळिकरणै भागात पाणी भरलं आणि पुन्हा तोच धडा मिळाला. ज्या कुटुंबानं हप्त्यानं कपाट घेतलं होतं, त्याचं कपाट गेलं, हप्ते मात्र उरले. म्हणूनच तळमजल्यावर घर असेल तर जुनं भरीव लाकूड ही निव्वळ हौस नाही, तो शहाणपणा आहे.

जुनी वस्तू घेताना एवढं तपासा :

१. वस्तू उचलून पाहा. साग, शिसवी, फणस यांचं भरीव लाकूड हाताला जड लागतं.

२. फळीची कड आणि मागची बाजू बघा. रेषा पृष्ठभागावरून कडेपर्यंत सलग गेल्या असतील तर लाकूड भरीव. कडेला चिकटवलेली पट्टी दिसली तर आत भुसा किंवा प्लाय.

३. बारीक गोल भोकं आणि खाली पिठासारखा ताजा भुस्सा दिसला तर कीड अजून जिवंत आहे. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी. अशी वस्तू कितीही स्वस्त मिळाली तरी घरात आणू नका. घरातलं इतर लाकूडही खराब होईल.

४. खुर्ची सपाट जमिनीवर ठेवून हलवा. सांधा सैल असेल तर चालेल, तो सरसानं पक्का होतो. पायच चिरला असेल तर सोडून द्या.

५. वेताची बैठक फाटली असेल तर घाबरू नका. चौकट उत्तम असेल तर वेत विणून घेता येतो. सुती नवारीच्या पट्ट्या उभ्या-आडव्या विणून तर घरच्या घरीही बैठक तयार होते.

समुद्राजवळ, बेसंट नगर किंवा तिरुवान्मियूरला राहणाऱ्यांसाठी एक सूचना. खाऱ्या वाऱ्यानं लोखंडी बिजागऱ्या आणि स्क्रू लवकर गंजतात. जुन्या वस्तूचे लोखंडी स्क्रू काढून पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे लावा. लोखंडी खुर्च्या असतील तर गंज घासून आधी रेड ऑक्साइड प्रायमर, मग तेलरंग. प्रायमर वगळून केलेली बचत वर्षभरही टिकत नाही.

पॉलिश घरच्या घरी

काम सुरू करा फेब्रुवारी ते मे या कोरड्या महिन्यांत, गच्चीवर किंवा उघड्या बाल्कनीत. आधी कोमट पाणी आणि साबणानं वस्तू पुसून दोन दिवस सावलीत वाळू द्या. कडक उन्हात ठेवली तर लाकूड तडकतं.

मग घासकागद. ८० नंबरनं सुरुवात, नंतर १२० आणि शेवटी २२०. हात नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेनं चालवायचा. आडवं घासलं की ओरखडे पॉलिशखाली उठून दिसतात. घासताना निघालेला भुसा फेकू नका. फेविकॉलमध्ये कालवला की खिळ्यांची भोकं बुजवायला त्याच रंगाची लांबी तयार होते.

वस्तूवर जुना तेलरंग असेल तर मात्र सावध राहा. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम २०१६ साली आला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. असा रंग कोरडा घासू नये. पाणी लावून, वॉटर पेपरनं घासावा, नाकातोंडावर मास्क लावावा. लहान मुलांना आणि गरोदर स्त्रियांना तिथे थांबू देऊ नये.

फ्रेंच पॉलिशसाठी एक लिटर पॉलिशच्या स्पिरिटमध्ये सुमारे २०० ग्रॅम चपडा लाख रात्रभर भिजवा. सकाळी ढवळून पातळ कापडातून गाळून घ्या. कापसाचा बोळा जुन्या मलमलीत बांधून त्यानं पातळ हात द्या. प्रत्येक हातानंतर तासभर थांबा. चार-पाच हातांत सागाचा मधासारखा रंग वर येतो. मध्ये एकदा ३२० नंबरच्या कागदानं अलगद पुसून घ्या. स्पिरिट पटकन पेट घेतं, म्हणून हे काम स्वयंपाकघरापासून आणि देवाच्या दिव्यापासून दूर करा. जवसाचं तेल वापरलं असेल तर तेलाची फडकी बोळा करून फेकू नका. ती आपोआप पेटू शकतात. उघड्यावर पसरून वाळवा, मग टाका.

जेवणाच्या टेबलाला लाखेचं पॉलिश नको. गरम भांडं किंवा सांडलेलं पाणी त्यावर पांढरा डाग पाडतं. तिथे पॉलियुरेथेनचं पॉलिश किंवा चांगलं व्हार्निश द्या.

आणि सगळंच पॉलिश करायला हवं असंही नाही. एखाद्या साध्या स्टुलाचा किंवा पाटाचा वरचा भाग गेरूच्या रंगानं रंगवा आणि त्यावर पांढऱ्या तेलरंगानं कोलम काढा. ठिपक्यांभोवती वळत जाणाऱ्या या तमिळ रांगोळीला आपला हात लगेच बसतो. तमिळ लग्नात वधूवरांच्या बसण्यासाठी असाच कोलम काढलेला पाट असतो, त्याला ‘मणै’ म्हणतात. दिवाणखान्यात कुंडीखाली असा एक पाट ठेवला तर पाहुणे आधी त्याचीच चौकशी करतात.

साडीचे पडदे, चटईची भिंत

लाकडानंतर कापड. एग्मोरच्या पँथियन रोडवर कापडाच्या दुकानांची जी रांग आहे तिला लोक ‘कॉटन स्ट्रीट’ म्हणतात. पडद्याचं, सोफ्याचं, अभ्र्यांचं सुती कापड इथे मीटरवर मिळतं. निर्यातीतून उरलेले तागेही असतात. पूर्ण ताग्यावर बारीक दोष आहे का ते उजेडात धरून बघा. याच रस्त्यावर को-ऑप्टेक्सचं मोठं दालन आहे. १९३५ साली स्थापन झालेली ही हातमाग विणकरांची सहकारी संस्था. सणाच्या दिवसांत इथे सूट असते.

इथलं एक कापड तर शहराचंच जुनं नाव जगभर घेऊन गेलं. ते म्हणजे ‘मद्रास चेक्स’. वनस्पतीच्या रंगांत रंगवलेल्या सुताचा हा चौकडा धुतला की रंग सोडायचा. १९५०-६० च्या दशकांत अमेरिकेत आधी या खोडीबद्दल तक्रारी झाल्या. मग जाहिरातदारांनी तिचाच गुण केला आणि ‘रंग नक्की सुटणार’ अशी हमी देऊन हे कापड विकलं! आपल्याला मात्र उशीवर रंग नको. म्हणून चौकड्याचं हातमाग कापड शिवण्याआधी थंड पाण्यात वेगळं भिजवून घ्या. शिवण्याआधी आटलेलं कापड नंतर आखूड होत नाही, हा दुसरा फायदा.

पडद्यांसाठी सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे सुती साडी. चेट्टिनाड साड्यांचे ठसठशीत चौकडे आणि रुंद काठ पडद्याला फार शोभतात. हिशेब असा. साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि सव्वा मीटरला थोडी कमी रुंद. साडेचार फूट उंच खिडकीला दुमड आणि लोंबता भाग धरून पावणेदोन मीटरचा पडदा लागतो. एका साडीत असे तीन तुकडे निघतात. चार फूट रुंद खिडकीला दोन तुकडे पुरतात. पडद्याला चुण्या पडण्यासाठी खिडकीच्या जवळपास दुप्पट रुंद कापड हवं, ते यात बसतं. उरलेल्या तिसऱ्या तुकड्यात चाळीस सेंटिमीटरच्या उशांचे तीन अभ्रे होतात. दाराचे पडदे करायचे असतील तर एका साडीत दोन निघतात आणि वर एक अभ्रा. आईची जुनी साडी असेल तर खर्च फक्त दोऱ्याचा आणि कड्यांचा.

भिंतीसाठी चटई. तिरुनेलवेली जिल्ह्यातल्या पत्तमडै गावच्या कोरै गवताच्या चटया इतक्या मऊ की कापडासारख्या दुमडतात. बारीक विणीच्या महाग. पण साध्या कोरै चटया बाजारात अगदी माफक दरात मिळतात. अण्णा सालईवरच्या ‘पुंपुहार’ या सरकारी हस्तकलेच्या दालनात उत्तम नमुने बघून घ्या, म्हणजे बाजारात पारख करता येईल. ओल धरलेल्या भिंतीवर चटई लावू नका, मागे बुरशी येते. कोरड्या भिंतीवर दोन काठ्यांमध्ये ताणून टांगली की मोठ्या चित्राचं काम करते. बाल्कनीत गुंडाळता येणारा पडदा म्हणून लावली तर दुपारचं ऊन अडतं.

तंजावरशी तर आपलं नातं रक्ताचं. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तिथे मराठ्यांचं राज्य स्थापलं. ते १८५५ पर्यंत टिकलं आणि त्या काळात सोनेरी वर्खाची तंजावर चित्रकला बहरली. पूर्वी फणसाच्या फळीवर काढली जाणारी ही चित्रं आता बहुधा प्लायवर काढतात. चेन्नईत ही कला शिकवणारे वर्ग आहेत आणि गृहिणींची तिथे गर्दी असते. विकतचं मोठं चित्र परवडत नसेल तर स्वतः काढलेलं छोटं चित्र देवघराशेजारी लावण्यात जास्त समाधान आहे.

गोलूच्या पायऱ्या, वर्षभर कामाच्या

आपण चैत्रगौरीपुढे आरास करतो, गणपतीला मखर करतो. तमिळ घरात नवरात्रात बाहुल्यांची आरास मांडतात, तिला ‘गोलू’ म्हणतात. तीन, पाच, सात, नऊ अशा विषम संख्येच्या पायऱ्या आणि त्यांवर देव, राजाराणी, वाणी, लग्नाची वरात. पूर्वी या पायऱ्या घरातल्याच वस्तूंच्या करत. मागे ट्रंका, पुढे टेबल, त्यापुढे पुस्तकांचे गठ्ठे, वर फळ्या आणि सगळ्यावर पांढरंशुभ्र धोतर. घरातल्या सामानाला नवं रूप देण्याची ही कला इथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत. नवरात्राच्या आधी मैलापूरला कपालीश्वराच्या देवळाजवळच्या उत्तर माडा रस्त्यावर बाहुल्यांचा बाजार भरतो. पुरसवाक्कमजवळच्या कोसापेटमध्ये कुंभारांची घरं आहेत. तिथे मूर्ती घडताना बघता येतात.

या पायऱ्यांवरून सुचणारी एक युक्ती नव्या घरात फार उपयोगी पडते. एकमेकांत शिरणारी तीन बाकं सुताराकडून कापून घ्या आणि घरी जोडा. सगळ्यात मोठं २४ इंच उंच आणि ३६ इंच लांब, मधलं १६ इंच उंच आणि ३४ इंच लांब, धाकटं ८ इंच उंच आणि ३२ इंच लांब. खोली प्रत्येकाची १० इंच. फळी पाऊण इंची घेतली की धाकटं मधल्याखाली आणि मधलं थोरल्याखाली सरकतं. सणाला एकापुढे एक ठेवली की तीन पायऱ्यांची गोलू किंवा गौरीची आरास होते. एरवी त्यांचीच कुंड्यांची मांडणी, मुलांचं लिहिण्याचं बाक आणि पादत्राणांचा मंच. जुन्या दाराच्या फळ्या मिळाल्या तर सोन्याहून पिवळं. प्लाय घ्यायचाच असेल तर त्यावर ‘आयएस ७१०’ हा शिक्का बघून घ्या. तो पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा असतो.

खिळा न ठोकता

भाड्याच्या घरात भिंतीला भोकं पाडली की डिपॉझिटमधून पैसे कापले जाण्याची भीती असते. तेव्हा आरसा भिंतीला टेकवून ठेवा. खाली रबराची पट्टी आणि मागे आधार द्या म्हणजे घसरणार नाही. शिडी भिंतीला टेकवून तिच्या पायऱ्यांवर चादरी, टॉवेल टांगा. खिडकीच्या चौकटीत दाबून बसणारा दांडा मिळतो, त्यावर पडदे लावा. झोपाळ्याची फार हौस असेल, आणि तमिळ घरातला पितळी साखळ्यांचा ‘ऊंजल’ बघून ती होतेच, तर छताला आकडे ठोकू नका. जुन्या दाराची फळी जमिनीवर उभ्या राहणाऱ्या पक्क्या चौकटीला टांगून घ्या. ती चौकट पुढच्या गावालाही नेता येते.

मुट्टुकाडूची सहल

एवढं वाचूनही जुन्या वस्तूंबद्दल घरात कुणी नाक मुरडत असेल, तर त्याला एका रविवारी दक्षिणचित्रला घेऊन जा. ईस्ट कोस्ट रोडवर, शहराच्या दक्षिणेला सुमारे २५ किलोमीटरवर मुट्टुकाडू इथे मद्रास क्राफ्ट फाउंडेशननं १९९६ साली हे संग्रहालय उघडलं. त्याच वर्षी मद्रासचं चेन्नई झालं. डेबोरा त्यागराजन यांची ही कल्पना आणि आराखडा वास्तुविशारद लॉरी बेकर यांचा. तमिळनाडू, केरळ, कर्नाटक, आंध्र इथली पाडली जाणार असलेली जुनी घरं विकत घेऊन, तुळई-तुळई सुटी करून इथे आणली आणि पुन्हा उभी केली. चेट्टिनाडच्या व्यापाऱ्याचं कोरीव घर, विणकराचं घर, केरळचं लाकडी घर, सगळी आतून हिंडून बघता येतात.

त्या घरांच्या ओट्यावर, म्हणजे ‘तिण्णै’वर, जरा टेका. वरची कोरीव तुळई कुणी वेळेवर वाचवली नसती तर तीही एखाद्या चुलीत गेली असती. मुलांना ही गोष्ट तिथे बसून सांगितली की घरातल्या जुन्या खुर्चीकडेही ती वेगळ्या नजरेनं बघतात.

मग येत्या भोगीच्या आधी कायलान कडैत एक चक्कर टाका. एकच वस्तू आणा, एखादं स्टूल किंवा खुर्ची. पावसाची ओल हटली की फेब्रुवारीत ती घासायला घ्या. एका वस्तूवर हात बसला की दुसरीला भीती वाटत नाही. आणि पुन्हा बदलीचा हुकूम येईल तेव्हा काय न्यायचं, हा प्रश्न पडणारच नाही. जी खुर्ची घरातल्या सगळ्यांनी मिळून घासली, ती ट्रकमध्ये सगळ्यात आधी चढेल.